बावीस नंबर

गोळीबार चौकातून आत वळलं की
तिसऱ्या गल्लीत आमचं घर, घरात लोखंडी पेटी,
पेटीत एकसष्ट टोप्या
एकीत एक बसवलेल्या, कपांसारख्या.
सगळ्या आहेराच्या, पांढऱ्या, कडक.
बाबांचं डोकं तेवीस नंबरचं
आणि लग्नघरं घाऊक आणतात बावीस.

बाबांनी तीस वर्षं हातमागावर
रेशीमकाठी धोतरं विणली, लोकांची.
म्हणून कापडावर बोलायचा हक्क आपला
असं ते धरून चालतात, आणि बोलतात:

धोतराला इस्त्री दाखवायची नाही,
रात्री गादीखाली घालायचं, वर आपण झोपायचं.
कासोटा सुटला तर चारचौघांत वाकायचं नाही,
भिंतीकडे तोंड करून खोचायचा,
जसं काही कॅलेंडरात तिथी बघतोय.
मौतीला जाताना काठ आत वळवायचा,
माणूस गेला, आपलं रेशीम कायले दिसाले पाह्यजे?
नव्या कापडाची पहिली दशी तुळशीला.
(तुळस वाळली होती तेव्हा कुंडीतल्या ओव्याला दिली.
चालते, म्हणाले.)
पंगतीत टोपी गुडघ्यावर,
भुईवर कधीच नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम:
ज्या घरची टोपी त्या घरी परत जाऊ नये.

हा हिशेब सहावीपासून माझ्याकडे.
प्रत्येक टोपीच्या आतल्या पट्टीवर बॉलपेनने,
बारीक अक्षरात,
कोण, काय, कधी.
‘खापेकर, पारडी, बारसं.’
‘निमजे, साक्षगंध, ०९.’
आमच्याकडे काही निघालं की मी पेटीशी बसते,
यादी वाचते, टोप्या काढते,
खापेकरांची निमज्यांना, निमज्यांची धकात्यांना.
डोकी मी कधी मोजली नाहीत.
मला तर टोपी कुणी दिलीच नाही,
मी फक्त हळदीकुंकवाचं बोट आणि ब्लाउजपीस.

परवा उमरेड रोडच्या लॉनवर हेडाऊंकडचं लग्न.
माइकवर नाव आलं, उरकुडाजी सोनकुसरे,
बाबा चढले, कुंकू, दुपट्टा, टोपी, नमस्कार, फोटो.
टोपी कानांच्या वर दोन बोटं तरंगत राहिली.
खाली उतरल्यावर कुणीतरी ओरडलं,
“काय जी, कोणं घातली तुम्हाले टोपी?”
“तुमीच त घालता लेकहो,” बाबा म्हणाले,
आणि सवयीने काढून माझ्या पर्समध्ये सरकवली.

घरी येऊन पेन घेतलं, पट्टी उलटली.
माझंच अक्षर.
‘निमजे, साक्षगंध, ०९.’
त्याखाली दुसऱ्या कुणाच्या हातचं, हिरव्या शाईत, ‘वानाडोंगरी’,
मग एक खोडलेलं नाव,
मग नुसता आकडा, कदाचित फोनचा अर्धा.
म्हणजे पेटीशी बसणाऱ्या आणखीही होत्या.
आम्हाला वाटत होतं हा हुशारपणा आमचाच.

बाबांनी चष्मा लावला,
कापड चिमटीत धरून उजेडाकडे नेलं
(धागा बघितल्याशिवाय ते काहीच बघत नाहीत),
आणि पट्टीच्या मागच्या बाजूला थांबले.
तिथे तेलाचा डाग होता.
खोबरेल, गोल, जुना, घामाने कडेला पिवळा.

“हे त कोणं घातली हाय.”
“हो.”
“फोटोपुरती नाही. दिवसभर घातली.”

बराच वेळ टोपी त्यांच्या गुडघ्यावर होती.

एवढ्या वर्षांत, इतक्या घरांतून,
एक माणूस असा निघाला होता
ज्याच्या डोक्याला ती बसली,
आणि ज्याच्या घरच्यांनी तरीही
ती पुढे आहेरात देऊन टाकली.

आता लग्नाला गेलो की बाबा जेवण उरकून
कडेच्या लाल खुर्चीवर बसतात.
मी आइस्क्रीम आणते, ते वितळतं.
समोरून माणसं जातात येतात,
टकले, भांगवाले, मेंदी लावलेले,
आणि बाबा एकेकाच्या कपाळापासून मागे
नजरेची दोरी फिरवतात.
“तो पाह्य, निळ्या शर्टवाला.
एकवीस असन.”